कोसभरावरची बत्ती

तिन्हीसांजेला माळवदावर नेमगोंडा मास्तर बायकोला आकाश समजावत होते. "दूरच्या आकाशगंगेतला सगळ्यात तेजस्वी तारा धरायचा. तो सगळीकडं सारखाच. जितका फिका दिसंल, तितकी ती लांब. गावोगावच्या गॅसबत्त्यांगत."

राजमतीनं उत्तरेकडं बोट केलं. "मग ती बत्ती?"

"झगझगीत हाय. कोसभरावर असंल."

"तिथं गाव कुठलं? त्या अंगाला लांब आपल्या लेकीची, ब्राह्मीची कोगनोळी."

"मग कुणाच्या तरी मळ्यात असंल," म्हणत मास्तर निवांत खाली उतरले.

सकाळी कोगनोळीहून सांगावा आला. काल तिन्हीसांजेला ब्राह्मीच्या सासरची तंबाखूची वखार पेटली. ब्राह्मी आतच जळून गेली. एवढ्या जाळाला मास्तरांनी बत्ती धरलं होतं.



"कोसभरच म्हणालासा न्हवं?" राजमती म्हणाली. "मग जायचं तरी हुतं."