ओल्या कातड्यात आवळलेले पाटे

माझ्या हातची करामत माझ्याच घरावर उलटेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला गाडीतून खाली उतरवलं असतं. तशी माणसं मी उतरवायचोच. धसई ते मुरबाड भाड्याची मोटार चालवायचो आणि दणक्यांची तक्रार करणाऱ्याला सांगायचो, "दात खिळखिळे होत असतील तर काढून खिशात ठेव."

मोटार बारा वर्षांची जुनी. मागच्या चाकांवर तिचे पाटे, म्हणजे लोखंडाच्या लवचीक पट्ट्या एकावर एक रचलेल्या. चाक खड्ड्यात गेलं की त्या एकमेकींवर सरकतात आणि धक्का जिरवतात. बेचाळीसच्या पावसाळ्यात डाव्या बाजूची एक पट्टी चिरली. लढाईमुळे मुंबईतही सुटे भाग मिळेनात. बैलगाडीची चिरलेली दांडी माझा बाप म्हशीच्या ओल्या कातड्याने आवळायचा. कातडं वाळलं की दांडी पुन्हा म्हणून हलायची नाही. मीही तेच केलं. दोन्ही बाजूंचे पाटे ओल्या वादीने गच्च गुंडाळले. गाडी मोडली नाही, आणि मी वर्षभर भेटेल त्याला ते कौतुकाने दाखवत सुटलो. दांडी हलायला नको असते आणि पाटा हलायलाच हवा असतो, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

पुढच्या वर्षीचा पाऊस सरल्यावर एका मंगळवारी मी देवकीला, माझ्या बायकोला, वैशाखऱ्याच्या माहेराहून घरी आणलं. सातवा महिना होता. वाटेत दोनदा विचारलं, "त्रास होतोय का गो?" दोन्ही वेळा ती "नाय" म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिच्या लुगड्याला रक्त लागलेलं दिसलं.

गुणाबाई सुईण आली, पोटावर हात फिरवून बाहेर आली आणि माझ्याशी हळू आवाजात बोलली. "पोर हाय अजून. हाताला लागतंय. पन ह्ये माझ्या हातचं नाय. कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात ने, निजवून ने. येक दनका जोरात बसला ना महिपत, तर दोघंबी हातची जातील."

डोलीने न्यायचं तर दुसरा दिवस उजाडला असता. गाडी अंगणात उभी होती. मंगळवारचा एकेक खड्डा आठवायला लागला. ते सगळे दणके मीच तिला घातले होते. मला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता.

गाडी रिकामीच हाकत धाकलू लोहाराच्या भट्टीवर नेली. त्याने खाली वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"पाटे बांधलेस व्हय रे? आत काय झालंय ते तुला तरी ठावं हाय का?"

"नाय."

खरंच ठाऊक नव्हतं. वर्षभर मी आत डोकावलोच नव्हतो. चिरलेली पट्टी तेवढीच राहिली, की तिने शेजारचीला बरोबर घेतलं, कोण जाणे. कातडं ठेवलं तर दणके. कापलं, आणि आत सगळं मोडलेलं निघालं, तर गाडीच जागेवर बसणार. धाकलू कोयता हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काप," मी म्हणालो.

वादी लाकडासारखी वाळली होती. आतून गंजाचा चिखल निघाला. दोन पावसाळ्यांचं पाणी कातड्याने धरून ठेवलं होतं आणि सगळ्या पट्ट्या गंजून एक ठोकळा झाला होता. आम्ही त्या छिन्नीने सोडवल्या, विटेच्या तुकड्याने घासल्या. चिरलेलीचे दोन तुकडे झाले होते, ते फेकले. मग धाकलूने उरलेल्यांना रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर चुन्याची भुकटी भुरभुरवली. जिथे चीर असते तिथलं रॉकेल चुन्यात उमटतं. उजवीकडच्या पट्ट्या कोरड्या राहिल्या. डावीकडच्या सर्वांत लांब पट्टीवर, जिच्यावर गाडीचा भार असतो तिच्यावर, पेरभर ओली रेघ उठली.

"कल्याणपर्यंत टिकंल का?" मी विचारलं.

"बांधलीस तर टिकंल. मोकळी ठेवलीस तर माझ्या तोंडून वदवून घेऊ नको."

बांधली तर देवकी टिकणार नव्हती. पट्ट्यांमध्ये बैलगाडीचं वंगण भरलं आणि सगळं मोकळंच चढवलं. चाकांतली हवा थोडी सोडली. घरी आणून वरचा टप काढला, जास्तीचं चाक काढलं, मागची बैठक उपसून तिथे गोधड्या अंथरल्या. बरोबर यायला निघालेल्या मेव्हण्याला मी असं झापलं की तो दोन महिने बोलला नाही. त्याचं वजन मला परवडणारं नव्हतं.

दुपारी निघालो. मागे देवकी आडवी, तिचं डोकं गुणाबाईच्या मांडीवर. गाडी मऊ चालत होती, कधी नव्हे इतकी मऊ, आणि मी घामाने भिजलो होतो. डाव्या बाजूने जरा कर्र झालं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जाई. पट्टी तुटली तर मागच्या चाकांचा आस सरकेल, गाडी कलंडेल, ती दारावर आदळेल. डोळ्यांपुढे दुसरं काही येत नव्हतं.

"देवकी, दुखतंय का?"

"नाय."

मुरबाड मागे पडलं. पुन्हा विचारलं. "नाय." पुढे ओढ्यावरची एक मोरी लागली, तिथे गाडी जराशी उचलली गेली. "दुखलं?" "नाय."

तोच आवाज. मंगळवारचा. मंगळवारीही ती असंच म्हणाली होती, आणि तेव्हा तिच्या पोटात काय होत होतं ते आता आम्ही बघत होतो. मी गाडी थांबवली. पाट्यांची भीती एका बाजूला राहिली. ही बाई मरेपर्यंत मला "नाय" म्हणत राहील, याची भीती त्याहून मोठी निघाली.

खाली उतरून तिच्या डोक्याशी गेलो. ओठ पांढरे पडले होते.

"खोटं नको बोलू गो," मी म्हणालो. "मी भ्यालोय. लय भ्यालोय. तू सांगितलं नायस तर मला गाडी हाकता यायची नाय."

तिने गुणाबाईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय," ती म्हणाली. "मघापासून दुखतंय. मंगळवारपासून दुखतंय."

मग ती सांगू लागली आणि मी ऐकू लागलो. "हळू." "थांबा." "आता चला." कळ आली की थांबायचो, ओसरली की निघायचो. वाटेत दोन बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या आणि गाडीवाले दात काढून हसले. मी एकालाही उलट बोललो नाही.

कल्याणला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिला आत नेलं आणि मला दाराबाहेर उभं केलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. शेवटी आतून डॉक्टर म्हणाले, "पोराचे ठोके लागताहेत. पण बाई, महिनाभर इथेच निजून राहावं लागेल. हे सुरू कशाने झालं? कुठे पडलात का?"

"नाय पडले," देवकी म्हणाली. "यांच्या गाडीत दनके बसले. बोलले नाय तेव्हा."

नर्सने दारातून माझ्याकडे पाहिलं. शरमेने माझी मान खाली गेली. तरी मनात म्हणत होतो, बोल, आणखी बोल, सगळं सांग त्यांना.