नव्या बॉक्सवरचा अभिषेक

शाहूपुरीत सम्मेदचं शेतीच्या मोटारींचं दुकान आहे. काउंटरच्या वर, कुणाचीही नजर जाईल अशा जागी एक पाटी लावलेली आहे : ‘स्टार्टर स्वतः उघडू नये. वायरमन बोलवावा.’ पाटी त्यानंच रंगवून घेतली. दर उन्हाळ्यात कुणीतरी गडी पान्हा घेऊन स्टार्टर उघडतो, दोन वायरी इकडच्या तिकडं करतो आणि जळकी मोटार टेंपोत घालून दुकानाच्या दारात आणतो. मग सम्मेद त्याला चांगला अर्धा तास झापतो. झापण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या शाहूपुरीत कुणी नाही.

असा हा माणूस शनिवारी संध्याकाळी घरच्या टीव्हीमागं बॅटरी दातात धरून ओणवा झाला होता.

केबल कंपनीनं जुन्या बॉक्सच्या बदल्यात नवा एचडी बॉक्स पाठवला होता. त्यांच्या गल्लीत केबलचं काम पंधरा वर्षं आकाराम बघतो. त्यानं फोनवर बजावलं होतं, “सोमवारी येतो मालक. तवर हात लावू नका, त्यात सेटिंगा असत्यात.” पण रविवारी दुपारी मॅच होती. त्रेचाळीस इंची टीव्ही नुकताच आणलेला, आणि त्यावर जुन्या बॉक्सचं चित्र पाण्यात भिजलेल्या पेपरासारखं दिसायचं. सोमवारपर्यंत दम काढणं सम्मेदच्या जिवावर आलं.

“चार वायरी तर हायत,” तो बायकोला म्हणाला. “दिवसाला दहा मोटारी जोडतोय मी.”

“जोडा की,” रुचिता म्हणाली. “पण आक्कांचं सकाळचं तेवढं बघून घ्या हं.”

“बघतो.”

वायरी जोडून झाल्या. मोबाइलवर कंपनीनं विचारलं, नवा बॉक्स सुरू केल्यावर जुना कायमचा बंद होईल, पुढं जायचं का? सम्मेदनं ‘होय’ दाबलं. खेळाचं चॅनेल लावलं, तर मैदानातलं गवत काडी न् काडी दिसायला लागलं. तो खूश झाला, हात धुतले आणि सूर्यास्ताच्या आत जेवायला बसला. बाकी काही बघायचं राहिलंय, हे त्याच्या डोक्यातूनच गेलं.

राहिलं होतं ते आक्काचं. आक्का म्हणजे त्याची आई, पद्मावती. माहेर कुरुंदवाडचं, वय बहात्तर. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन भगवंताचा त्या दिवसाचा अभिषेक बघितल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हा तिचा नेम. मुनिमहाराजांच्या समोर हात जोडून घेतलेला, आणि बावीस वर्षांत एकदाही न मोडलेला. आता बारा दिवसांमागं तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना दीड महिना चढायचा-उतरायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तेव्हा महाराजांनीच निरोप धाडला, की बस्तीतला अभिषेक गावच्या चॅनेलवर रोज साडेसहाला थेट दाखवतात, तो बघा, दर्शन घडलं असं समजा. सूर्यास्तानंतर ती पाणी घेत नव्हती, ते नेहमीचंच. म्हणजे संध्याकाळी मिटलेलं तोंड सकाळी त्या अभिषेकावरच उघडायचं.

रविवारी सकाळी आक्का अंघोळ करून, पांढरं पातळ नेसून, मुठीत अक्षता घेऊन खुर्चीवर बसली. टीपॉयवर पाण्याचा तांब्या आणि ब्लडप्रेशरची गोळी. सम्मेदनं रिमोट दाबला. पडद्यावर आलं : ‘हे चॅनेल उपलब्ध नाही.’

त्यानं पुन्हा दाबलं. मागची वायर काढून घातली. बॉक्स बंद करून चालू केला. चॅनेलं शोधायला लावली, यादी शंभरावर गेली, दोनशेवर गेली, साडेतीनशेवर जाऊन थांबली. सगळ्या जगाची चॅनेलं आली, गावचं तेवढं नाही. आकारामला फोन लावला तर त्याचा फोन लागेना. रविवार होता, तो जोतिबाला गेला असणार.

रुचिता हळूच म्हणाली, “अहो, मी गाडी काढून बस्तीत जाते. तिथनं व्हिडिओ कॉल करते. तुमच्या मोबाइलवर दिसंल त्यांना.”

“थांब गं, दोन मिनिटांत येतंय.”

तेव्हा पावणेसात वाजले होते. रुचिता दहा मिनिटांत बस्तीत पोचली असती. पण सम्मेदच्या डोक्यात हट्ट शिरला होता. मोटारी दुरुस्त करणारा माणूस एका डबड्यापुढं हार खातो म्हणजे काय? दोन मिनिटं, दोन मिनिटं करत सव्वासात झाले. अभिषेक संपला. आता तो उद्याच.

“ऱ्हाऊ दे रे,” आक्का म्हणाली. “एक दिस न्हाय पाणी घेतलं म्हून काय हुतंय?” पण तिचे ओठ सुकलेले होते. वैशाखाचं ऊन, ऑपरेशनचं शरीर, आणि गोळी तशीच टीपॉयवर पडलेली.

सम्मेद मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेला. तिथं त्याला सापडलं : त्याच बस्तीतला, त्याच मूर्तीचा अभिषेक, कुणीतरी नेटवर टाकलेला. कधीचा, ते त्यानं बघितलं नाही. खरं म्हणजे मुद्दामच बघितलं नाही. बाहेर येऊन त्यानं ते मोबाइलवरनं टीव्हीवर लावलं आणि मोठ्यानं म्हणाला, “आलं बघ आक्का. आज उशिरा सुरू झालाय वाटतं अभिषेक.”

रुचितानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

पडद्यावर बस्तीतले पुजारी, उपाध्ये, मूर्तीवर दुधाची धार धरत होते. आक्का बराच वेळ टक लावून बघत राहिली. मग तिनं सम्मेदकडं बघितलं. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. तिनं अक्षता वाहिल्या, हात जोडले, गोळी तोंडात टाकली आणि तांब्यातलं पाणी प्याली.

सम्मेदला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं जेमतेम चहाचा कप संपेपर्यंत टिकलं.

बावीस वर्षं. वडील वारले त्या दिवशीही ती आधी बस्तीत जाऊन आली होती. आणि आपण मॅचपायी हात घातला, हट्टापायी वेळ घालवला आणि वर खोटं बोलून तिच्या तोंडात पाणी घातलं. आईला फसवलं हे एक, देवाच्या नावानं फसवलं हे दुसरं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली.

“सांगून टाका त्यांना,” रुचिता भांडी लावता लावता म्हणाली.

“सांगितलं तर उपास धरंल. निर्जळी. या दुखण्यात?”

“मग तुम्हाला त्यांची काळजी हाय का स्वतःची?”

दुपारी मॅच लागली. गवताची काडी न् काडी दिसत होती आणि सम्मेद भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसला होता. आक्कानं आतून विचारलं, “का रं, बघत न्हाईस व्हय?” तो म्हणाला, डोकं दुखतंय. दिवसातलं हे दुसरं खोटं.

संध्याकाळी मिस्ड कॉल बघून आकाराम आला. कपाळाला गुलाल तसाच होता. त्यानं बॉक्सकडं बघितलं, सम्मेदकडं बघितलं आणि सगळं ओळखलं.

“गावचं चॅनेल कंपनीच्या यादीत येत न्हाय मालक. ते आमाला हातानं भरायला लागतंय. म्हून म्हटलं हुतं, हात लावू नका.” पाच मिनिटांत त्यानं आकडे भरले आणि चॅनेल आलं. “आक्कांचं अडतंय म्हून काल सांगितलं असतं तर जोतिबाला जाताजाता करून गेलो असतो की.”

सम्मेद हातातला रिमोट उलटासुलटा करत उभा राहिला. दुकानात त्याच्यापुढं जळकी मोटार घेऊन माणसं अशीच उभी राहतात.

सोमवारी साडेसहाला अभिषेक लागला. एक तरुण उपाध्ये कलश घेऊन उभा होता. आक्कानं डोळे भरून बघितलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. रुचितानं तांब्या पुढं केला. आक्कानं तो हातानं बाजूला सारला.

“आज न्हाय. उपास हाय माझा.”

“आज कसला?” सम्मेदनं विचारलं.

“काल नेम मोडला न्हवं, त्याचा.”

रुचिता तांब्या घेऊन आत गेली.

“काल सुकुमार उपाध्ये धार धरत हुते,” आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “दिवाळीत वारले ते. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. तू मलकापूरला गेलतास तवा, म्हून तुला ठावं न्हाय. एवढ्या मोठ्या टीव्हीवर माणूस ओळखू येत न्हाय व्हय?”

“मग तू पाणी का प्यालीस आक्का?”

“तुझ्याकडं बघवंना. पोराचा जीव नुसता टांगणीला लागला हुता. म्हटलं, माझा नेम मोडला तर मला एक उपास. मी न्हाय म्हटलं असतं, तर रुचिताम्होरं तू खोटा पडला असतास.”

सम्मेद तिच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि तिच्या बऱ्या गुडघ्यावर त्यानं डोकं टेकलं. चाळिशीला आलेला, मिशा पिकायला लागलेला माणूस, पण रडला.

“माझ्यासाठी तरी पाणी घे,” तो म्हणाला. “डॉक्टर काय म्हणतील? उपास मी धरतो तुझ्याबदली.”

“असं बदली धरता येत न्हाय बाबा.” तिनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. “पाणी मी प्याले, त्याचा उपास माझा. खोटं तू बोललास, त्याचं तुझं तू बघ.”

मग ती टीव्हीकडं वळली. अभिषेकातली शेवटची शांतिधारा सुरू झाली होती आणि नव्या बॉक्सवर मूर्तीवरून उतरणारा पाण्याचा थेंब न् थेंब दिसत होता. सम्मेद मान वर न करता तसाच बसून राहिला. टीपॉयवर आक्काची गोळी होती, आणि ती उद्या सकाळपर्यंत तिथंच राहणार होती.