पाठीतला लाल चौकोन

मी एक जुना लाल चौकोन आहे. लांबी अडीच इंच, रुंदी अडीच इंच आणि चारी कडांना सुईची बारीक भोकं. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एवढ्याशा चिंधीचं कसलं आलंय आयुष्य! पण मी चिंधी म्हणून जन्मलो नाही. मी एका कोटाची पाठ होतो.

तो पातळ लोकरीचा कोट एका मुलीने पहिल्या पगारातून आपल्या आईसाठी आणला. आईने घातला आणि लहान मुलीसारखी गिरकी घेतली. मुलीचे वडील घड्याळजी. ते टेबलाशी एक घड्याळ उघडून बसले होते. डोळ्याचं भिंगही न काढता म्हणाले, "या वयात? चौकात सिग्नल लागल्यासारखी दिसतेस." आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

आईने कोट उतरवला. मुलीचा चेहरा पडला. त्यानंतर ती घरी कमी येऊ लागली आणि पुढे यायचीच बंद झाली. का, ते घड्याळजींनी कधी विचारलं नाही. त्यांना तो विनोद दुसऱ्या दिवशी आठवतही नव्हता.

ते दुकानात गेले की आई कोट काढायची. सगळी बटणं लावायची आणि आरशासमोर वळून मान मुरडून पाठ बघायची. म्हणजे मलाच. तेवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही. जिन्यात पावलं वाजली की कोट परत कपाटात. अशी अकरा वर्षं गेली, बाहेरचं ऊन मी पाहिलं नाही. मग ती वारली.

तीन महिन्यांनी मुलीचा फोन आला. "रविवारी येते. आईची एकच वस्तू न्यायचीय."

"ये ना, ये!" घड्याळजी म्हणाले. कुठली वस्तू, हे त्यांनी विचारलं नाही. शिवणयंत्र असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. यंत्र पुसलं, तेल घातलं. आणि मग त्यांच्या मनाने घेतलं की यंत्राबरोबर स्वतःच्या हातचं काहीतरी द्यावं. लेक निदान चहाला थांबेल, पुन्हा येईन म्हणेल. एकट्या घरात त्यांना दुसरं काही नको होतं.

खालच्या मजल्यावरच्या शिवणाऱ्या बाईंनी त्यांना गोधडीचा एक तुकडा शिकवला. त्याला लॉग केबिन म्हणतात, म्हणजे ओंडक्यांचं घर. मधे एक चौकोन, त्याभोवती एकेक पट्टी जोडत फिरत जायचं. दोन बाजूंना फिक्या पट्ट्या, दोन बाजूंना गडद.

"मधला चौकोन लाल घ्या हं," बाई म्हणाल्या. "ती चूल. चुलीशिवाय कसलं घर?"

घरात लाल एकच होतं.

कोटाच्या खालच्या दुमडीत चार बोटं कापड आत लपलेलं होतं. तिथून घेतलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. कुठल्याही शिवणाऱ्याला हे कळतं. पण घड्याळजी पडले घड्याळजी. जिथे कापड सपाट, तिथे माप अचूक, असा त्यांचा हिशेब. त्यांनी कोट टेबलावर पालथा टाकला आणि पाठीच्या बरोबर मध्यावर कात्री खुपसली. वर म्हणाले, "नाहीतरी कोण घालत होतं!"

फिक्या पट्ट्या आईच्या झग्यांच्या, गडद पट्ट्या त्यांच्या विजारींच्या. पहिल्यांदा शिवणाऱ्याचा तुकडा वाटीसारखा फुगतो म्हणतात. यांचा कागदासारखा सपाट आला. बाईंनी मोजपट्टी लावून पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. खोटं कशाला बोलू, मलाही मिरवावंसं वाटलं.

रविवारी मुलगी आली. घड्याळजींनी यंत्र दाराशी बांधून ठेवलं होतं. तिने त्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ कपाटाकडे गेली, कोट काढला, छातीशी धरला, आणि तिचा हात पाठीवरून फिरता फिरता आरपार गेला.

घड्याळजी तुकडा हातात घेऊन हसत उभे होते. "बघ, तुझ्यासाठी. पहिल्यांदाच केलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भोकाकडे. "उसवा," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी टाके किती बारीक घातले होते, ठाऊक आहे? घड्याळजीचे टाके! दीड तास लागला. ती बसली नाही. चहावर साय धरली. एकेक पट्टी सुटून खाली पडत होती. म्हाताऱ्याच्या बोटात सुई शिरली की मला बरं वाटायचं. अकरा वर्षांचा अंधार मी विसरलो नव्हतो.

शेवटी मी एकटा उरलो. त्यांनी मला भोकावर ठेवलं. नेमका बसलो, कडेला कड. त्यांचा चेहरा उजळला. पण मित्रांनो, नुसतं ठेवणं वेगळं आणि शिवणं वेगळं. शिवायचं तर पाव इंच माझं आत जाणार आणि पाव इंच कोटाचं. त्यांनी ओढून शिवून पाहिलं, तर सगळी पाठ गोळा झाली. मी माझ्याच जागेला अपुरा पडलो होतो. तेव्हा मात्र माझी मजा संपली.

"थांब," ते घाईने म्हणाले. "खालच्या दुमडीतून मोठा तुकडा कापतो, ठिगळ लावतो."

"अजून कापणार?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. तिने माझे टाके एका झटक्यात तोडले, मला टेबलावर टाकलं आणि कोट अंगात घातला. सगळी बटणं लावली.

"अगं, भोक दिसतंय," ते म्हणाले.

"दिसू दे. आई तुमच्यासमोर घालत नव्हती, मी घालते."

ती जिना उतरली. ते मला मुठीत धरून खिडकीशी गेले. रस्त्यावर लाल पाठ लांब लांब जात होती, आणि तिच्या मधोमध आतला पांढरा सदरा दिसत होता, बरोबर माझ्या मापाचा. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आता मी घड्याळांच्या स्क्रूंच्या डबीत असतो. घड्याळजी मधूनच मला काढतात, मोजपट्टी लावून मोजतात. दर वेळी अडीच इंचच भरतो.

मित्रांनो, कपडा माणसाचा असतो, माणूस गेल्यावरही. कात्री उचलण्याआधी विचारा. कुणी एकच वस्तू न्यायला येतो म्हणालं, तर कुठली, एवढं तरी विचारा. एका शब्दाचं काम असतं.

शिवणयंत्र अजून दाराशी बांधलेलं आहे. दर रविवारी ते त्याला तेल घालतात.