पहिली फेरी

आमच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत आजोबांची मूल्यं दाराशीच टांगली आहेत. पाच, सोनेरी अक्षरांत, काचेमागे. ती काकांनी रचली, कारण आजोबांनी आयुष्यात कुणाला उपदेश केला नाही. कायम ग्रीसमध्ये माखलेला माणूस, त्यांना सवड कुठली?

त्यांची एक सवय मात्र मी पाहिली आहे. दुरुस्ती झाली की पहिली फेरी ते स्वतः मारायचे आणि मी बरोबर असले तर मलाही आत घ्यायचे. आजी कपाळाला हात लावायची. हे फलकावर नाही. फलकावर ‘ग्राहक हाच केंद्रबिंदू’ आहे.

गेल्या गुरुवारी बाळंतपणाच्या दवाखान्यातली लिफ्ट माझ्याकडे आली. ब्रेकचे लायनर पार झिजले होते. चार माणसं आत उभी राहिली की लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली घसरून थांबायची. नवे लायनर यायला चार दिवस लागणार होते. तोवर पेशंटना रॅम्पवरून न्या, असं मी सांगितलं.

तासाभरात काका हजर. इस्त्री केलेला शर्ट, अंगाला अत्तर. त्यांनी गोडीगुलाबीने समजावलं, की ब्रेक जरा आवळ, तपासणीच्या कागदावर सही कर, लायनरचं मागाहून बघू. कंत्राट आजच ठरतंय. सहीचा अधिकार माझा एकटीचा, म्हणून ही गोडी. मी मान हलवेना, तसं त्यांनी उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणून सुनावलं. वर आजोबांच्या नावाला बट्टा लावते म्हणून मलाच दोष.

मी म्हटलं, “सही करते. पहिली फेरी तुम्ही मारा.”

काकांनी लिफ्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तूच जा ना. तू त्यांची लाडकी नात.”

सख्ख्या पुतणीला आत ढकलायला निघालेला हा मूल्यवान माणूस! संताप आला. त्याहून लाज वाटली, कारण इरेला पेटून माझा पाय उचलला गेला होता. आजोबांच्या धाडसाचं मी इतकी वर्षं कौतुक करत आले. ते धाडस नव्हतंच. काम चोख केलेलं असायचं, म्हणून ते खुशाल बसायचे.

मी मेन स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. नोकरी गेली असं धरूनच चालले.

काका मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटायला निघाले. पाचवा मजला, जिना. मागोमाग मी. तिसऱ्या मजल्यावर ते धापा टाकत पायरीवर बसले आणि त्यांनी लिफ्टला शिव्या घातल्या. वर पोचल्यावर मात्र केसांवरून हात फिरवला, घसा साफ केला.

“लिफ्ट चार दिवस बंद ठेवतोय, बाई. माणसाच्या जिवापुढे कंत्राट काय? ही आमच्या वडिलांची शिकवण. पुतणीलाही मी तेच सांगितलं.”

बाई एवढ्या भारावल्या, की वर्षाचं कंत्राट तीन वर्षांचं झालं. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

जिना उतरताना त्यांनी हळूच विचारलं, कुठून जुने, वापरलेले लायनर मिळाले तर चालतील का. मग किल्लीसाठी हात पुढे केला.

मी किल्ली दिली नाही.