बारा साच्यांचं चुंबक

ताईचा नवराच माझा साहेब आहे, हे माझं दुर्दैव. कचेरीत त्यांना सर म्हणायचं, घरी भावजी. वर्कशॉपमधली माणसं पाठीमागे चुटकीसाहेब म्हणतात, कारण त्यांना प्रत्येक उत्तर चुटकीसरशी हवं असतं. ते बरोबर असावं असा त्यांचा आग्रह नसतो.

आम्ही क्रेनला टांगायची विद्युतचुंबकं बनवतो. घडवण्याआधी मी चुंबक संगणकावर मांडते: त्याचे चौदा लाख बारीक तुकडे पाडून प्रत्येकातलं चुंबकीय क्षेत्र काढायचं. एका खेपेला नऊ तास जातात. भावजी कुठलंसं दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि ही हमाली बंद म्हणाले. मोजके नमुने पूर्ण सोडवायचे, त्यांतून क्षेत्राचे मुख्य साचे निवडायचे आणि पुढचं प्रत्येक उत्तर त्या साच्यांच्या मिश्रणातून काढायचं. पद्धत उत्तम आहे, मीही ती वापरली आहे. पण नमुने निवडायला डोकं लागतं, आणि ते शिबिरात वाटत नाहीत.

त्यांनी सगळे नमुने दहा अँपिअरच्या आतले घेतले, कारण ते लवकर सुटतात. बारा साचे निघाले. मी सांगितलं की करंट वाढला की लोखंड तुडुंब भरतं, मग कितीही रेटा, क्षेत्र फारसं वाढत नाही. तुमच्या बारा साच्यांनी हे कधी पाहिलेलंच नाही. ते हसले.

"तुला नऊ तास बसून राहायची सवय लागलीय," म्हणाले.

रविवारी माझ्याकडे जेवताना हाच विनोद त्यांनी ताईला ऐकवला, आणि ती हसेना तेव्हा समजावूनही सांगितला.

वीस अँपिअरला चुंबक दहा टन उचलेल, असं त्यांच्या मॉडेलनं क्षणात सांगितलं. भावजींनी ते गिऱ्हाइकाला लगेच कळवलं. चाचणीला गिऱ्हाइकाकडच्या मुख्य इंजिनिअर बाई आल्या. आठ टनांचा ठोकळा मांडला होता. वीस अँपिअर दिले, क्रेन वर गेली आणि चुंबक एकटंच तिच्याबरोबर गेलं. ठोकळा जमिनीवर निवांत. भावजी म्हणाले, वर धूळ असेल. ठोकळा पुसला. चुंबक पुन्हा एकटंच वर.

क्रेनवाल्या काकांनी अगदी मनापासून विचारलं, "साहेब, आता काय उचलू?"

पुढचे चार दिवस मी वीस अँपिअरपर्यंतचे नमुने सोडवत होते. साचे सतरा झाले, उत्तर आलं सव्वासहा टन. सहा टनांचा ठोकळा उचलला गेला, साडेसहाचा नाही. ते आकडे भावजींनी स्वतःच्या अहवालात घातले, वर 'सुधारित आवृत्ती' असं नाव दिलं आणि बैठकीत वाचून दाखवले. बाईंनी विचारलं, सतराच का?

"सतरा हा सुरक्षित आकडा आहे," भावजी म्हणाले.

 बाई खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

मी पाऊण तास सांगितलं. भावजी तेवढा वेळ वहीत काहीतरी उतरवत होते. निदान तसं दाखवत होते. बाईंनी चुंबकात लोखंड वाढवून घेतलं आणि यापुढची पत्रं माझ्या नावानं येतील, असं लेखी कळवलं.

त्या रविवारी भावजींचं डोकं दुखत होतं म्हणे. ताई एकटीच जेवायला आली. त्यांची चौकशी तिनं केली नाही आणि मीही नाही. दोनदा वाढून घेतलं, हात धुतले, मग म्हणाली, "आता सांग, ते लोखंड भरतं म्हणजे नक्की काय होतं?"