शेंदराखालची चाकी

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे, आणि आधीच बजावून ठेवते, माझ्या टाकीवरून हात फिरवू नका. कौतुकाच्या हातांचा मला वीट आला आहे. मागच्या सीटवर तर चढूच नका. बसायचं तर लांब, त्या उसाच्या मोळीवर बसा. आष्ट्यात हंबीररावाच्या गोठ्याला लागून मी उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे वटारून बघते. एवढी चिडकी का, ते ऐका.

मी जन्मले ती लष्करासाठी. अंगावर हिरवा रंग, पोटात एकच भला मोठा सिलिंडर, आणि आवाज असा की चार शेतं ओलांडून जावा. पलटणीत हंबीरराव माझ्यासारख्या गाड्यांवर बसून डाक पोचवायचा आणि कोंडीबा त्यांची दुरुस्ती करायचा. दोघेही आष्ट्याचे, एका आळीत वाढलेले. पेन्शनीवर आल्यावर हंबीररावानं मला लष्करी लिलावात घेतलं. पण मला निवडलं कोंडीबानं. माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या होत्या. त्यानं एकेकीच्या इंजिनाला कान लावला आणि माझ्याजवळ थांबून म्हणाला, "हंब्या, हीच घे. हिचं काळीज चांगलं हाय."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. माझ्या आयुष्यातली खरी शाबासकी म्हणजे तेवढीच, बाकीची सगळी तोंडदेखली.

पुढे कोंडीबानं एस.टी. स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान टाकलं. हंबीरराव ऊस बघू लागला. पण दरवर्षी दिवाळीआधी दोघे मला घेऊन फिरायला निघायचे. कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा घाट उतरून शिरवळ, आणि येताना पाटणवरून. पुढे हंबीरराव, मागे कोंडीबा. चढावर मी दमले की मागून कोंडीबा ओरडायचा, "आरं गियर बदल की लेका, तिचा जीव चाललाय!" आणि हंबीरराव म्हणायचा, "तू गप बस, मालक मी हाय." मग दोघेही हसायचे. मीही त्या वर्षांत हसतच चालले असेन, पण आता ते आठवलं की माझं डोकं तापतं.

कारण मित्रांनो, त्र्याहत्तर सालची खंडेनवमी आली.

कोंडीबानं माझं इंजिन उतरवून साफ केलं होतं आणि सकाळपासून हंबीररावाच्या अंगणात ते पुन्हा बसवत होता. सगळे बोल्ट आवळून झाले. चौकटीला इंजिन जखडणारा खालचा एक बोल्ट तेवढा राहिला. त्याची चाकी, म्हणजे नट, त्यानं बोटानं फिरवली आणि पाना लावला, तोच हंबीरराव आंघोळ करून पूजेचं ताट घेऊन बाहेर आला. खंडेनवमीला हत्यारं देवापुढं मांडायची, वापरायची नाहीत, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

"कोंड्या, ठेव पाना खाली. नवमी हाय."

"आरं, एकच चाकी ऱ्हायलीया. आवळतो आन् ठेवतो."

"पलटणीत ऱ्हाऊन देवधर्म इसरलास व्हय रं? ठेव म्हनतो न्हवं!"

कोंडीबानं हसून पाना ताटात ठेवला. "बरं बाबा. उद्या येऊन आवळतो. तवर चालू करू नगंस."

"बरं बरं."

हंबीररावाची भक्ती मोठी! नुसत्या हळदीकुंकवानं त्याचं भागेना. तेलात शेंदूर कालवून त्यानं मला ठिकठिकाणी थापला, आणि नेमका एक गोळा त्या ढिल्या चाकीवर बसवला. पानाही देव्हाऱ्यात गेला. झालं, माझ्या नशिबावर शेंदूर फिरला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच हंबीररावाचा चुलतभाऊ लालासाहेब नवी जीप घेऊन दारात आला आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "शिवेपातूर कोन आधी पोचतंय बघू की." एवढं पुरे झालं. हंबीररावानं कोंडीबाची वाट पाहिली नाही, ढिल्या चाकीची तर त्याला आठवणही उरली नाही. लाथ मारली आणि मला पळवलं. जोर पकडला तशी माझ्या अंगात थरथर सुटली. हँडल कापायला लागलं, आरसा नाचायला लागला. शिवेवर पोचलो ते दुसरे.

संध्याकाळी देवळापुढं सोनं वाटताना कोंडीबा गर्दीतून पुढे आला. "काय रं, माझी वाट बी बघितली न्हाईस. चाकी आवळलीस न्हवं?" हंबीररावाचं लक्ष जीपभोवती जमलेल्या माणसांकडे. तो न ऐकताच म्हणाला, "व्हय व्हय, समदं झालं."

मी तिथंच उभी होते. मला तोंड असतं तर देवळाच्या पायरीवर उभी राहून बोंब मारली असती. पण मला फक्त हॉर्न, आणि तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

थरथर वाढत गेली. मी निघाले की पोरं ओरडायची, "भूकंप आला, कोयनेचा भूकंप आला!" हंबीररावाला ते झोंबायचं. लालासाहेबानं बरोबर तीच जखम धरली. एक दिवस सुपारी कातरत म्हणाला, "इंजिन कुनी खोललं हुतं? मग बेअरिंग त्यानंच बदललं बघ. तुझं चांगलं काढलं आन् कुनाचं तरी झिजलेलं घातलं." पुरावा काही नाही, नुसती जीभ टाळ्याला लावली. आणि हंबीररावानं ते खरं मानलं!

भर चौकात, बाजारच्या दिवशी, त्यानं कोंडीबाची गचांडी धरली. "चोरा! मैतराच्या गाडीचा माल इकलास?"

कोंडीबा पांढराफटक पडला. "हंब्या, शुद्धीवर हायस का? मला एकदा तिच्यापाशी बसू दे. काय झालंय ते बघतो."

"तिला हात लावलास तर हात मोडीन."

लोक बघत उभे राहिले. एकानंही मध्ये तोंड घातलं नाही. त्या दिवसानंतर लोक कोंडीबाच्या दुकानावरून गाडी ढकलत पुढे न्यायचे. जो मित्राला लुबाडतो तो आपल्याला काय सोडणार, असं उघड बोलायचे. काही महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं आणि कोंडीबा शिरवळच्या एका कारखान्यात कामाला निघून गेला. त्याचा पाना देव्हाऱ्यातच राहिला. "न्यायला बी तोंड न्हाई त्याला," हंबीरराव म्हणायचा. असला संताप यायचा मला! मुद्दाम त्याच्या पँटवर तेल गाळायची मी.

मग माझे हाल सुरू झाले. सांगलीच्या कारागिरानं चाकं उतरवली, तारा ओढल्या, साखळी बदलली. दुसऱ्यानं कार्बोरेटर खोलला. तिसऱ्यानं इंजिनाचं डोकं उघडून आत बघितलं आणि मान हलवत पुन्हा बंद केलं. बेअरिंग? अगदी चांगलं, माझंच, पहिलं. हे कारागिरानं सांगितलं तेव्हा हंबीररावानं काय करावं? कोंडीबाला बोलवावं की नाही? छे! म्हणाला, "मग दुसरं कायतरी चोरलं असंल." एका कारागिराचा पाना खालच्या बोल्टाकडे गेलाच होता.  तेवढ्यात हंबीरराव ओरडला, "तिथला शेंदूर खरवडू नगंस, देवाचा हाय!" त्यानं घाबरून हात मागे घेतला. पावसाचा चिखल बसून तो शेंदूर दगडासारखा झाला होता. चाकी त्यानं पडू दिली नाही, आणि घट्टही होऊ दिली नाही.

वर्ष गेलं. पुन्हा नवमी आली. पूजेआधी मला धुवायला हंबीररावाची बायको हरणाबाई बसली. तिला जुन्यावर नवा शेंदूर चालत नाही. तिनं तेल लावून, लाकडाच्या चिपेनं तो गोळा सोडवला. चाकी उघडी पडली आणि तिच्या बोटाबरोबर गरगर फिरली.

"आवं, हिकडं या. ही चाकी बोटानं फिरतीया."

हंबीरराव वाकला. त्यानंही ती बोटानं फिरवून बघितली.

हरणाबाई सावकाश उठली. "गेल्या साली कोंडूभावजी म्हनत हुतं, एकच चाकी ऱ्हायलीया. तुमीच पाना ठेवाय लावलासा. मी दारातच हुते."

"आन् देवळापाशी त्यानं मला इचारलं हुतं," हंबीरराव पुटपुटला. मग मटकन खाली बसला.

"मग आता बसून काय करतासा? आधी त्यास्नी आणा."

चाकी त्यानं स्वतः आवळली नाही. दसऱ्याला पहाटे त्यानं देव्हाऱ्यातला पाना आणि आपट्याची पानं खिशात घातली आणि मला तशीच थरथरती शिरवळला नेलं. सबंध वाट मी त्याची हाडं खिळखिळी केली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

कोंडीबा खोलीच्या दारात बसला होता. हंबीररावानं सोनं पुढे केलं, पण हँडल धरून त्याची बोटं बधिर झाली होती. पानं खाली पडली. सोनं पायाखाली येऊ द्यायचं नसतं, म्हणून कोंडीबानं ती उचलून खिशात घातली.

"चाकी ढिलीच ऱ्हायली हुती गड्या. तू इचारलंस, म्या न ऐकता व्हय म्हनलो. आन् तुला चोर केलं."

 कोंडीबानं त्याच्याकडून पाना घेतला, त्यावरचं वाळलेलं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि माझ्याजवळ गुडघ्यावर बसला. चाकी आवळली. मला चालू करून इंजिनाला कान लावला, पहिल्यासारखाच. माझी थरथर गेली. वर्षभराची, सगळी.

"झालं," तो उठत म्हणाला.

"चल घरी. चौकात उभा ऱ्हाऊन सांगतो समद्यास्नी. बस मागं."

"चौकात सांगाच तुमी. पर मागं बस म्हनू नका, हंबीरराव."

जन्मभर हंब्या म्हणणारा माणूस तो! हंबीररावाचा चेहरा उतरला. मी आणि हंबीरराव, दोघंच परत आलो. त्यानं चौकात उभं राहून सगळं कबूल केलं. लालासाहेब तेव्हा जीप घेऊन निघून गेला. दुकानाचं कुलूप मात्र कुणी उघडलं नाही.

मित्रांनो, मी आता लोण्यासारखी चालते. दर दसऱ्याला हंबीरराव मला शिरवळला नेतो. कोंडीबा सोनं घेतो, चहा देतो, माझ्या चाक्या तपासतो. मागे मात्र बसत नाही. तुमच्या घरचं यंत्र थरथरलं तर आधी त्याच्या चाक्या बघा, शेंदूर असला तरी खरवडा, आणि माणसाला चोर म्हणायची घाई करू नका. आता जा. जाताना टाकीला हात लावलात तरी चालेल एक वेळ, पण त्या मागच्या सीटला नको. ती कोंडीबाची आहे.