मुठीतली माती

“मॅडम, ऊन फुकट आहे, पण विहीर आटली तर तुमचा सौरपंप काय वाळू उपसणार?”

मैत्रिणींच्या पैजेखातर मी गावात सौरपंप बसवणाऱ्या, आज शाळेत आलेल्या इंजिनिअर मॅडमना विचारलंच. वर्ग खिदळला.

“पंप बसवला, पण थांबवायचा कधी, ते आम्ही सांगितलंच नाही,” त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी मुठीत माती दाबून ओल ओळखायला शिकवलं.

माझं हसू पळालं. बाबा रोज लाडाने सौरपॅनेल पुसतात आणि पंप दिवसभर चालवतात. आमच्या विहिरीचा तळ दिसू लागलाय.

घरी येताच मी रोपांच्या मुळाशी उकरून माती दाबली. घट्ट गोळा झाला.

“अगं, हात बघ!” आई ओरडली.

“पिकाची तहान कधीच भागलीये, आई, आणि पंप चालूच!”

“मग काय करायचं, इंजिनिअरबाई?” बाबांनी हसत विचारलं.

“उद्यापासून माती मुठीतून सुटी पडली तरच पंप सुरू. आणि बटण मी दाबणार!”